वडावरचं सभागृह आणि टिटवीची अंडी

एका जंगलात एक वड होता.

जंगलाची गोष्ट सिंहापासून सुरू करायची असते, हे मला ठाऊक आहे, मुलांनो. पण सिंह झोपलाय आणि तो झोपलेलाच बरा. आपण हळूच वडापासून सुरुवात करू. पाय वाजवू नका.

त्या जंगलात लोकशाही होती. म्हणजे सिंह होताच, पण त्याने खाण्याआधी चर्चा व्हायची. चर्चेसाठी दोन सभागृहं होती. खालचं सभागृह वडाच्या खाली भरायचं. वरचं सभागृह वडाच्या वर भरायचं. इतकी सोपी राज्यघटना तुम्हाला दुसरीकडे सापडायची नाही.

खाली कोण बसायचं? ज्यांना जंगलाने निवडून दिलं ते. आणि वर कोण बसायचं? ज्यांना जंगलाने निवडून दिलं नाही ते.

उदाहरणार्थ, अण्णा वानर. अण्णा खालच्या निवडणुकीत तीनदा पडले. म्हणून त्यांना वर बसवलं. पडणारा वर जातो हा चमत्कार निसर्गात कुठेच होत नाही, फक्त संसदेत होतो.

दुसऱ्या वेणूकाकू. या वटवाघूळ. कलावंतांसाठी राखून ठेवलेल्या फांदीवर त्या उलट्या लटकायच्या. उलट्या असल्यामुळे त्यांना खालचं सभागृह वर दिसायचं. आपल्याला कुणीतरी मुद्दाम खाली बसवलंय, असं वाटून त्या कायम रुसलेल्या असायच्या. त्यांची कला कोणती, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं.

आणि सभापती होते दिवाभीत नाना. दिवाभीत म्हणजे घुबड. नानांना दिवसा दिसत नसे. सभागृहाचं कामकाज दिवसा चाले. हे दोन्ही नियम एकाच दिवशी, एकमताने झाले होते.

आता कायदा कसा व्हायचा ते सांगते. खालच्या सभागृहात गोंगाट व्हायचा. गोंगाट पुरेसा झाला की वडाच्या पानावर नखाने विधेयक ओरखडायचे. मग एक खार ते पान तोंडात धरून वर न्यायची. वरच्यांना पसंत पडलं तर ते पान खाली सोडायचे. पान जमिनीला टेकलं की कायदा झाला.

आणि पसंत नाही पडलं तर?

तर नाना एकच प्रश्न विचारायचे, ''घाई काय आहे?''

खालून उत्तर यायच्या आत त्यांचा डोळा लागायचा. पान त्यांच्या अंगाखाली जायचं. नानांच्या ढोलीत अशा पानांची मऊ गादी झाली होती. वरचं सभागृह कशावर बसलंय, असं कुणी विचारलं तर उत्तर अगदी खरं द्यावं लागायचं: विधेयकांवर.

त्या गादीत काय काय होतं! बेडकांनी सुरात गावं, असं एक होतं. महाराजांनी सोमवारी गवत खावं, असं एक होतं. ते हरणांनी सिंह परगावी गेलेला असताना मंजूर केलं होतं आणि नंतर कुणी मंजूर केलं ते कुणालाच आठवेना. आणखी एक होतं: जो कायदा पायदळी तुडवील, त्याचं शेपूट कापावं. कापायला खेकडे नेमावेत.

हे शेवटचं वर आलं तेव्हा नाना नेमके जागे होते. ते म्हणाले, ''पायदळी म्हणजे? बोलण्यातलं पायदळी, की पायाखालचं पायदळी?''

खालच्या सभागृहाला हा अपमान वाटला. त्याने सभात्याग केला. पान गादीत गेलं.

नानांना आणखी एक विद्या येत होती. वडाच्या पानांवर अळ्याही असतात. अळी पान कुरतडते, सदस्य पान ओरखडतो, आणि खालून पाहिलं तर दोन्ही सारखंच दिसतं. असं एखादं पान वाऱ्याने खाली पडलं की जंगल घाबरून वर बघायचं. मग दाट सावलीतून नाना एक डोळा उघडून सांगायचे, ''ते अळीचं आहे. सोडा.'' किंवा, ''ते तुमचं आहे. पाळा.''

नानांचं म्हणणं असं, की अळीचा मसुदा जास्त सुबक असतो.

*

आता टिटवी. तिचं नाव मंजुळा.

नावावर जाऊ नका. टिटवीचा आवाज तुम्ही ऐकलाय. माळावर कुणी शिंकलं तरी ती ''टिटिव-टिव! टिटिव-टिव!'' करून सात शिवारं जागी करते. रात्री ती पाय वर करून झोपते. का? तर आभाळ पडलं तर आपल्या पायांवर झेलता यावं म्हणून. हसू नका. कुणीतरी काळजी करायलाच हवी ना? बाकीचं जंगल आभाळाकडे बघतही नाही.

मंजुळाने नदीकाठच्या वाळूगोट्यांत चार अंडी घातली होती. टिटवी घरटं बांधत नाही. दगडांत दगडासारखी अंडी ठेवते आणि कुणाचा पाय पडू नये, अशी आशा करते. तिचा नवरा रंगोबा पाण्यात पोट भिजवून यायचा आणि अंड्यांवर बसायचा, उन्हाने ती उकडू नयेत म्हणून. रंगोबा फार बोलत नसे. ''तू ओरड,'' तो म्हणायचा, ''मी बसतो.'' असा त्यांचा संसार.

आदल्या उन्हाळ्यात मंजुळाने खालच्या सभागृहात खेटे घालून एक विधेयक मंजूर करून घेतलं होतं: उघड्यावरच्या अंड्यांना कुणी हात लावू नये. ते वर गेलं. नाना म्हणाले, ''घाई काय आहे?'' तेव्हापासून ते गादीत होतं. तेव्हापासून मंजुळा वरच्या सभागृहावर चिडून होती. चिडून करणार काय? टिटवीला मागचं बोट नावापुरतंच असतं. तिला फांदी धरताच येत नाही. वर जाऊन भांडायची सोय तिला देवानेच ठेवली नव्हती.

मग एक दिवस खालच्या सभागृहात तरस उभा राहिला.

हा तरस म्हणजे खालच्या सभागृहाचा नेता. हसमुखराव त्याचं नाव. तो सारखा हसायचा. कुणी मेलं तर जास्त हसायचा. त्याची घोषणा होती, 'थांबला तो संपला!' धावणाऱ्या हरणांना ती फार पटायची. तिच्यातली बारीक गंमत त्यांच्या लक्षात आली नव्हती.

''मित्रहो,'' हसमुखराव म्हणाले, ''महाराजांचा वाढदिवस जवळ आलाय. आपण जलमहोत्सव करू. नदीचा काठ खडबडीत आहे. महाराजांच्या पंजांना खडे टोचतील. सबब गव्यांचा कळप नेऊन काठ तुडवून सपाट करावा. अनुकूल असतील त्यांनी गोंगाट करावा.''

गोंगाट झाला.

मंजुळा माळावरून उडत आली. ''साहेब! अहो साहेब! काठावर माझी अंडी आहेत!''

''किती?''

''चार.''

''आणि महोत्सवाला येणार किती?'' हसमुखराव सभागृहाकडे बघून हसले. ''बाई, लोकशाहीत मोजदाद असते.''

''पण थोडंच थांबायचंय हो! पिल्लं बाहेर आली की त्याच दिवशी चालू लागतात. आम्ही आपणच काठ सोडू.''

''थांबला तो?'' हसमुखरावांनी विचारलं.

''संपला!'' सभागृह म्हणालं.

खार पान घेऊन वर गेली. मंजुळा वडाखाली मान वर करून उभी राहिली. 

''अण्णा! ओ अण्णा! ते पान खाली सोडू नका!''

अण्णा फांदीवरून वाकले. ''कोण? मंजुळा? तुमच्या माळावर किती मतं आहेत गं?''

''आम्ही दोघंच आहोत, अण्णा.''

''हं,'' अण्णा म्हणाले आणि सरळ झाले.

''वेणूकाकू, तुम्ही तरी सांगा ना!''

''वरच्यांनीच खालच्यांना सांगायचं असतं,'' वेणूकाकू फणकारल्या. ''तू वर उभी आहेस. तूच सांग.''

तेवढ्यात ढोलीतून झोपाळलेला आवाज आला, ''काय आणलंय?''

''काठ सपाटीकरण, नाना,'' खार म्हणाली.

''घाई काय आहे?''

''महाराजांचा वाढ...''

नाना घोरत होते. पान गादीत गेलं होतं.

मंजुळाने सुटकेचा श्वास सोडला. मग तिला राग आला. ज्या म्हाताऱ्याने तिची अंडी वाचवणारं पान दाबून ठेवलं, त्यानेच तिची अंडी तुडवणारं पानही दाबून ठेवलं होतं. आणि दोन्ही वेळा त्याला अंडी आहेत हेच माहीत नव्हतं! अशा माणसाचे आभार कसे मानायचे? शिव्या तरी कशा द्यायच्या? ती रात्रभर विचार करत राहिली. पाय वर करून.

*

हसमुखरावांना मात्र विचार करावा लागला नाही. त्यांनी समिती नेमली. 'वरचे सभागृह सुधारणा समिती'. अध्यक्ष स्वतः. सदस्य स्वतःचे मेहुणे.

समितीने जंगलाचं मत मागवलं. जंगलात पहिल्यांदाच एकमत झालं. हरणं म्हणाली, वरचे झोपतात. माकडं म्हणाली, वरचे खातात. डुकरं म्हणाली, आम्हाला वर का घेत नाहीत? बेडूक म्हणाले, ते सगळं खरंय, पण आमचं गाणं ऐकून घ्या.

समितीचा अहवाल एका ओळीचा होता. 'वर पिकली पानं फार झाली आहेत, सबब झाड हलवावं.'

एका सशाने भीतभीत विचारलं, ''साहेब, सुधारणेचं विधेयकही वर पाठवावं लागेल ना? आणि नाना म्हणणार...''

''विधेयक कशाला?'' हसमुखराव हसले. ''झाड हलवायला कायदा लागत नाही. वारा रोज हलवतो. त्याने कुणाला विचारलंय?''

सगळ्यांना पटलं. घटनेत पळवाट सापडली की ती शोधणाऱ्याला पंडित म्हणतात. तेव्हापासून हसमुखरावांना पंडित म्हणू लागले.

दिवस ठरला. गव्यांनी बुंध्याला धडका द्यायच्या, अण्णांच्याच पुतण्यांनी फांद्यांवर उड्या मारायच्या. पुतण्यांना सांगावं लागलं नाही. वरच्या जागा रिकाम्या होणार, हे पुतण्यांना उपजतच कळतं.

आणि इशारा कुणी द्यायचा?

''मंजुळाबाईंनी!'' हसमुखराव म्हणाले. ''जनतेचा आवाज! जुनं गाऱ्हाणं आहे त्यांचं. टिटवी मनावर घेईल तर समुद्र आटवते म्हणतात. वड काय चीज आहे?''

मंजुळाला त्यांनी बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ केला. ''ताई, तुमचं अंड्यांचं विधेयक तिथेच कुजतंय ना? झाड हललं की ते पडणार. पडलं की कायदा. बस्स, एकदा ओरडायचंय. तुम्हाला जड आहे का ते?''

मंजुळाच्या डोळ्यांसमोर ते पान तरंगत खाली आलं. मग तिच्या मनात आलं ते तिने विचारलं. टिटवीच्या मनात नेहमी आणखी काहीतरी येतंच.

''पण साहेब... मग तुमचंही पान पडेल ना? काठाचं?''

''पडेल की.''

''मग दोन्ही कायदे होणार? तुडवायचाही आणि हात न लावायचाही?''

''ताई,'' हसमुखराव म्हणाले, ''इतकी वर्षं झाली, आपल्या जंगलात चांगले आणि वाईट कायदे गुण्यागोविंदाने नांदतायत. तुम्ही कशाला काळजी करता?''

मंजुळाने तिथेच ठरवलं. ओरडायचं नाही. काही झालं तरी चोच उघडायची नाही. आपण ओरडलो नाही तर इशारा नाही. इशारा नाही तर सुधारणा नाही. जंगल आपल्याला भेकड म्हणेल, म्हणू दे.

ठरल्या दिवशी सारं जंगल वडाभोवती जमलं. गवे शिंगं रोखून उभे. पुतणे फांद्यांवर तयार. हसमुखरावांनी भाषण केलं आणि मंजुळाकडे पंजा केला.

''आता जनता बोलेल!''

मंजुळाने चोच घट्ट मिटली.

हसमुखराव हसत होते. मंजुळा गप्प होती. हसमुखराव कमी हसू लागले. मंजुळा गप्प होती. गव्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ससा हळूच म्हणाला, ''जनता तयार नाही वाटतं.''

आणि त्या क्षणी वडाचं एक पिवळं पान सुटलं. अळीचं होतं. गिरक्या घेत आलं आणि मंजुळाच्या पाठीवर टेकलं.

अहो, ती टिटवी होती! ती काय करणार?

''टिटिव-टिव! टिटिव-टिव!''

गव्यांनी धडक दिली.

*

वड म्हणजे काही शेवग्याचं झाड नव्हे. पण दहा-बारा गवे आणि पन्नास पुतणे म्हटल्यावर वडही हलतो. पहिल्या धडकेला वाळकी पानं आली. दुसरीला पिवळी आली. तिसरीला हिरवी आली. पुतण्यांनी नानांच्या ढोलीत हात घालून सगळी गादी उपसली आणि भिरकावली. जंगलात अंधारून आलं. मंजुळाला वाटलं, झालं, पडलं आभाळ! आणि नेमके आत्ता आपले पाय खाली आहेत.

मग शेवटचं पान टेकलं आणि जंगलाने वर पाहिलं.

वड उघडा पडला होता. एक पान नव्हतं. आणि त्या उघड्या वडावर अण्णा होते, कारण वानर फांदी सोडत नाही. वेणूकाकू होत्या, कारण लटकणाऱ्याला पडणं ठाऊक नसतं. ढोलीत नाना होते, कारण त्यांना कुणी उठवलंच नव्हतं.

सुधारणा पूर्ण झाली होती. सदस्य सोडून सगळं खाली आलं होतं.

''हरकत नाही!'' हसमुखराव ओरडले. ''खार, वाच! काय काय मंजूर झालं?''

खारीने पहिलं पान उचललं. ''काठ सपाट करावा.''

''चला!'' असं म्हणून गवे नदीकडे निघाले. त्यांचा म्होरक्या भीमाप्पा सगळ्यात पुढे. त्याच्या एका खुरात टिटवीचं सगळं कुटुंब मावलं असतं.

खारीने दुसरं पान उचललं. ''उघड्यावरच्या अंड्यांना कुणी हात लावू नये.''

मंजुळा पुढचं ऐकायला थांबलीच नाही. ती गव्यांच्या डोक्यांवरून उडत सुटली. ''थांबा! कायदा झालाय! हात लावायचा नाही! थांबा!''

काठावर रंगोबा अंड्यांवर बसला होता. समोरून कळप येताना त्याला दिसत होता. तो उठला नाही.

''भीमाप्पा! कायदा झालाय माझा!'' मंजुळा त्याच्या नाकासमोर फडफडली. ''अंड्यांना हात लावायचा नाही!''

भीमाप्पाने थांबून विचार केला. तो कायदा मानणारा गवा होता. त्याने आधी आपला उजवा पाय पाहिला, मग डावा पाहिला.

''हात कुठं हायेत आमाला, बाई?'' तो म्हणाला. ''समदे पायच हायेत.''

आणि त्याने रंगोबाच्या डोक्यावर खूर उचलला.

मुलांनो, डोळे मिटू नका. मी मिटले होते, म्हणून सांगते, त्याने काही होत नाही.

तिकडे वडाखाली खारीने तिसरं पान उचललं होतं. ती काठापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात वाचत होती, ''जो कायदा पायदळी तुडवील, त्याचं शेपूट कापावं. कापायला खेकडे नेमावेत.''

सरकारी नेमणूक कळायला खेकड्यांना वेळ लागत नाही. नदीतले सगळे खेकडे नांग्या वाजवत वर आले. एका सरड्याने सहज पाऊल टाकलं. ते एका पानावर पडलं. कट्! सरडा अर्धा राहिला.

''अहो, ते पान अळीचं होतं!'' सरडा रडला.

''कशावरून?'' खेकड्याने विचारलं.

कशावरून? सगळ्या जंगलाने पायाखाली पाहिलं. पानंच पानं! सगळ्यांवर रेघा. कुठली अळीची, कुठली सभागृहाची, कुणाला कळणार? पानाखाली पान, पानाशेजारी पान. पाऊल टाकायला कायद्याबाहेरची जागा उरली नव्हती.

तेवढ्यात वारा सुटला. त्याने हजारभर पानं उचलून नदीकाठी आणली. चार-पाच येऊन रंगोबाच्या पाठीवर आणि अंड्यांच्या भोवती पडली.

भीमाप्पाचा खूर वरच राहिला. त्याच्या शेपटाजवळ एक खेकडा येऊन उभा होता. तो काही बोलत नव्हता. फक्त बघत होता.

''ह्यातलं... कायदा कंचा?'' भीमाप्पाने हळूच विचारलं.

''टेकवून बघा,'' खेकडा म्हणाला.

भीमाप्पाने खूर टेकवला नाही.

*

सारं जंगल जिथल्या तिथे उभं राहिलं. कुणी दोन पायांवर, कुणी तीन.

''पानं उचलून बाजूला ठेवूया!'' अण्णांचा एक पुतण्या म्हणाला.

''कायदा हातात घेता?'' खेकड्याने नांगी उघडली.

''मग पाखरांनी चोचीने...''

''चोच म्हणजे हातच.''

गव्याचा पाय हात नव्हता, पण पाखराची चोच हात होती. कायद्याचा अर्थ असाच लावतात, मुलांनो. मोठे झालात की तुम्हीही लावाल.

खेकडे मात्र खुशाल पानांवरून हिंडत होते. त्यांना शेपूटच नव्हतं. बेडकांनाही नव्हतं. तेही उड्या मारत होते आणि, कायदाच झाल्यामुळे, सुरात गाण्याचा प्रयत्न करत होते. त्या दिवसांतली ती सर्वात कडक शिक्षा होती.

मग सोमवार आला. महाराज जागे झाले. खारीने जिथे उभी होती तिथूनच त्यांना एक पान वाचून दाखवलं. महाराजांनी आपल्या शेपटाकडे पाहिलं, मग खेकड्याकडे पाहिलं. मग मान वाकवून जवळचं गवत तोडलं, बराच वेळ चघळलं आणि विचारलं, ''ही सुधारणा कुणाची?''

हसमुखराव जन्मात पहिल्यांदा हसायचे थांबले. पळावंसं त्यांना फार वाटत होतं. पण चहूकडे कायदा होता.

तसेच तीन पायांवर उभे राहून त्यांनी मान वर केली. आवाजात इतकं लोणी कुणी कधी ऐकलं नव्हतं. ''नाना! अहो नानासाहेब! तेवढं अळीचं कुठलं आणि आपलं कुठलं, एवढं सांगा हो! तुमच्याशिवाय कुणाला ओळखता येणार?''

ढोलीत हालचाल झाली. नानांना गार लागत होतं. अंगाखाली काही नव्हतं आणि डोक्यावर ऊन होतं. त्यांनी डोळा किलकिला केला आणि लगेच मिटला.

''उन्हात मला दिसत नाही,'' ते म्हणाले. ''ही सावली कुणी काढली?''

सगळ्यांनी हसमुखरावांकडे पाहिलं.

''रात्री बघा ना, नाना!''

''रात्री कामकाज नसतं. तुमचाच नियम आहे. पालवी फुटू दे, सावली होऊ दे. मग बघू.''

''तोपर्यंत उभंच राहायचं? नाना, सगळं जंगल अडकलंय!''

''घाई काय आहे?'' नाना म्हणाले.

महोत्सवाचा दिवस आला आणि गेला. भीमाप्पाचा खूर वर होता. त्याच्या सावलीत रंगोबा बसला होता. त्याला आता पोट भिजवायलाही जावं लागत नव्हतं, गव्याची सावली चांगली गार असते. मंजुळा खुरावर डोळा ठेवून होती. ''दमलात का, भीमाप्पा?'' ती सारखी विचारायची.

''बोलू नगंस, बाई,'' भीमाप्पा म्हणायचा. ''ध्यान चळतंय.''

आणि एका सकाळी रंगोबाच्या पोटाखाली टक् झालं. मग टक् टक् झालं. चार पिल्लं बाहेर आली. अंग वाळेपर्यंत बसली, आणि लगेच उठून चालायला लागली.

सरळ कायद्यांवरून! काठ सपाटीकरणावरून, अंडी संरक्षणावरून, गवतावरून. सगळ्या जंगलादेखत, टुणटुण टुणटुण. एक तर शेपूटवाल्या कायद्यावरच थांबून खाली वाकलं आणि त्याने एक अळी वेचून खाल्ली.

खेकडा धावला. त्याने पहिल्या पिल्लाची मागची बाजू तपासली. दुसऱ्याची तपासली. नांगी मिटली.

''शेपूट फुटलेलं नाही,'' तो म्हणाला. ''जाऊ द्या.''

मंजुळा आणि रंगोबा वरून उडत होते. पिल्लं खालून, उथळ पाण्यातून चालत होती. नदीच्या पलीकडे, जिथे वड नव्हता आणि म्हणून कायदाही नव्हता, तिथे ती सगळी गेली. मागे भीमाप्पाने विचारलं, ''आता ठेवू का पाय?'' पण त्याला सांगायला तिथे कुणी नव्हतं.

यथावकाश वडाला पालवी फुटली. सावली झाली. नानांनी डोळा उघडून एकेक पान पाहिलं. ''अळीचं. अळीचं. तुमचं. अळीचं. अळीचं.'' जवळजवळ सगळंच अळीचं निघालं. जंगल पुन्हा चालू लागलं. बऱ्याच जणांची शेपटं उगीचच गेली होती, पण चौकशीला समिती नेमल्यामुळे त्यांचं समाधान झालं.

हसमुखरावांचं पुढे काय झालं ते विचारू नका. एवढंच सांगते की ते सोमवारी पळू शकले असते. सोमवारी महाराज गवत खात. पण चालायची वाट मोकळी झाली ती मंगळवारी.

नव्या नेत्याने नव्या पालवीच्या पहिल्याच पानावर विधेयक ओरखडलं: 'वरच्या सभागृहात सुधारणा करावी.' खार ते वर घेऊन गेली. नानांनी ते चाचपलं. कोवळं होतं. मऊ होतं. त्यांनी ते अंगाखाली घेतलं.

नदीपलीकडे मंजुळा शेजारणींना सांगत होती, ''ती वरची म्हातारी मंडळी अगदी बिनकामाची हो! माझ्या अंड्यांसाठी त्यांनी काय केलं? काही म्हणजे काही केलं नाही!''

शब्द न् शब्द खरा होता.

तात्पर्य : चांगल्या कायद्यावर विसंबू नये, आणि वाईट कायद्याला उगीच घाबरू नये. संकटात धावून येतो तो मूर्ख कायदाच. म्हणून दर शहाण्या देशाने असे कायदे भरपूर करावेत, ते झोपाळू म्हाताऱ्यांच्या अंगाखाली सांभाळून ठेवावेत, आणि वरचं सभागृह सुधारण्याची भाषा रोज करावी, पण झाडाला हात लावू नये. थांबला तो संपला, हे मात्र अगदी खरं आहे. पिल्लांनो, शेपूट फुटायच्या आत चालून घ्या.